जाऊं कोठें?

गेल्या श्रावणांतील एका दुपारची गोष्ट सांगतें. आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका तालुक्याच्या गांवीं, दस्तऐवज नोंदविण्याच्या कचेरीबाहेर, कांहीं कामासाठीं मी बाकावर बसलें होतें. शेजारीं चाळिशीच्या आंतबाहेरची एक बाई येऊन बसली. अंगावर नवी कोरी साडी होती. भावानें ती आजच घेऊन दिली, असें तिनें कौतुकानें सांगितलें. थोड्या वेळानें हातांतला कागद माझ्यापुढें करून ती म्हणाली, “बाई, ह्यांत काय लिहिलंय तें जरा वाचून दाखवाल कां?” तें हक्कसोडपत्र होतें. समुद्रालगतची वडिलार्जित भातजमीन तिचे दोघे भाऊ शहरांतील एका गिऱ्हाइकास विकणार होते. त्या जमिनींतील आपला हिस्सा आपण राजीखुषीनें व कसलाहि मोबदला न घेतां भावांच्या लाभांत सोडून देत आहों, असा त्या कागदाचा आशय होता. मीं तो वाचून दाखविला. तिनें मान हलविली.

कागद परत घेतांना तिचा पदराआडचा डावा हात बाहेर आला. मनगट सुजून काळेंनिळें झालें होतें. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तिनें हात पुन्हां पदराखालीं घेतला. आणि मग, अनोळखी माणसापाशींच बोलतां येतें अशा मोकळेपणानें, ती हलक्या आवाजांत बोलूं लागली. दोन वर्षांपूर्वीं असाच मार खाऊन ती माहेरीं गेली होती. चार दिवस राहिली. पांचव्या दिवशीं भावानें समजुतीच्या गोष्टी सांगून तिला परत पोंचविलें. “भाऊ वाईट नाहीं हो,” ती म्हणाली, “पण घर त्याचं आणि वहिनीचं. मी किती दिवस राहणार? मला जायला जागा नाहीं, हें आमच्या घरांत पण ठाऊक आहे. बाई, जाऊं कुठं मी?”

तेवढ्यांत आंतून तिच्या नांवाचा पुकारा झाला आणि ती उठून गेली.

श्रोतेहो, स्त्रियांवरील अत्याचारांविषयीं आपण रोज कांहीं ना कांहीं वाचतों, ऐकतों, हळहळतों. परंतु त्या बाईच्या एका वाक्यांत ह्या प्रश्नाचें एक मोठें मूळ मला जितकें स्पष्ट दिसलें, तितकें अनेक ग्रंथांतून दिसलें नव्हतें. ‘मला जायला जागा नाहीं, हें त्याला ठाऊक आहे.’ हात उगारणाऱ्याला राग येत असेल, तो दारू पीत असेल, त्याचा स्वभाव तापट असेल. परंतु तोच मनुष्य आपल्या मालकावर, सावकारावर किंवा फौजदारावर हात उगारीत नाहीं. राग आंवरण्याची कला त्यास उत्तम अवगत असते. जेथें परिणामाची भीति नाहीं तेथेंच तो ती विसरतो. ही निर्भयता त्यास कोठून मिळते, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज आपण करूं.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. सुशिक्षित घरांत असें मानण्याचा प्रघात आहे कीं, बायकोला मारणें हा झोंपडींतला प्रकार आहे. आपल्याकडे फार तर शब्दाला शब्द लागतो. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, देशांतील १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारे २९ स्त्रियांनीं पतीकडून अत्याचार सोसला आहे. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा सुमारे २५ आहे. गरीब घरांत तें अधिक व श्रीमंत घरांत कमी आहे, हें खरें. परंतु दर चार घरांमागें एक घर, एवढी मोठी संख्या केवळ झोंपड्यांत मावणारी नव्हे. आणि जें झाकलें जातें तें पाहणींत उतरत नाहीं. त्याच पाहणीप्रमाणें, असा त्रास सोसलेल्या स्त्रियांपैकीं शंभरांत अवघ्या १४ जणींनीं कोणाची तरी मदत मागितली. उरलेल्या ८६ जणींनीं हात पदराखालीं घेतला.

शिक्षणानें हा प्रश्न आपोआप सुटत नाहीं, ह्याचा दाखला आमच्या अलिबागेनेंच दीडशें वर्षांपूर्वीं पाहिला आहे. १८७४ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, कल्याणच्या यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला आणि ती आनंदीबाई झाली. पोस्टखात्यांतील बदलीमुळें हें दांपत्य पुढें अलिबागेस येऊन राहिलें. पत्नीनें शिकावें ह्याचा गोपाळरावांस ध्यास होता, आणि त्या ध्यासाचें फळ साऱ्या जगानें पाहिलें: १८८६ सालीं आनंदीबाई अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. परंतु त्याच अमेरिकेंतून पतीस लिहिलेल्या एका पत्रांत त्यांनीं जुना हिशेबहि मांडला आहे. दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षीं अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या व पुस्तकें आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षीं आणखी चमत्कारिक शिक्षा, हें सारें त्यांत आहे. आणि हिंदु पत्नीस उलट बोलण्याचा अधिकार नाहीं म्हणून तें निमूटपणें सोसलें, असेंहि आहे. गोपाळरावांचें ऋण त्यांनीं नाकारलें नाहीं. हिशेबाच्या दोन्ही बाजू त्यांनीं दाखविल्या. मला त्या यादींतील धमकीचें कलम सर्वांत भयंकर वाटतें. लांकूड व खुर्ची ह्यांच्यापुढची पायरी ‘सोडून जाईन’ ही आहे. बारा वर्षांच्या मुलीस ती धमकी लांकडाहून अधिक लागत असली पाहिजे. कारण ज्या छपराखालीं ती उभी होती तें तिचें नव्हतें.

हें परस्वाधीनपण म्हणजे काय, हें समजून घ्यावयास आमच्या किनाऱ्याचा इतिहासच फार उपयोगी आहे. ह्या जिल्ह्याचें नांव १९८१ पर्यंत कुलाबा होतें, आणि कुलाब्यांत खोतांचें राज्य होतें. जमीन खोताची, कसणारें कूळ. पिकाचा मोठा वाटा खोताच्या कणगींत जाई. वर वेठ निराळी. कुळानें वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्याशीं झगडून बांध घातले, खाजणाचें शेत केलें, तरी तें शेत त्याचें नव्हे. पुष्कळदां ज्या जागेवर त्याची झोंपडी उभी असे ती जागाहि खोताचीच. खोताची मर्जी फिरली कीं कूळ रस्त्यावर. अशा मनुष्यास रोज मारावें लागत नाहीं. त्याला जावयास जागा नाहीं, हें दोघांसहि ठाऊक असलें म्हणजे पुरतें. अशा घरांतल्या बायकामुलींचा मान त्या कुळाच्या हातीं कितपत राहत असेल, तें मीं सांगावयास नको.

ह्या अवस्थेविरुद्ध १९३३ सालीं अलिबागजवळच्या चरी गांवीं कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं संप पुकारला. जमीन कसावयाचीच नाहीं, असा त्यांचा निर्धार होता. आसपासचीं सुमारे २५ गांवें त्यांत उतरलीं आणि संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे टिकला. १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीस येऊन गेले. १९३७ सालीं त्यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. ह्या सहा वर्षांत शेतें ओसाड पडलीं आणि घरें चाललीं तीं लांकूडफांटा विकून, खाडींतलीं मासळी-चिंबोरीं धरून. अशा वेळीं चुलीचा भार कोणाच्या शिरावर पडतो, हें आपण जाणतांच. पुढें १९३९ चा व १९४८ चा कुळकायदा झाला, १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून त्या दिवसापासून कसणारें कूळ जमिनीचा मालक मानलें गेलें. ‘कसेल त्याची जमीन’ हें तत्त्व कायद्यांत आलें. आमच्या जिल्ह्याला अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे.

परंतु आतां एका आषाढांत खारेपाटांत येऊन पाहा. पाऊस कोसळत असतो. गुडघाभर चिखलांत वांकून राबाच्या जुड्या सोडीत, चार चार काड्या रोंवीत, मागें मागें सरकणारी रांग दिसते. ती रांग बायकांची असते. लावणी त्यांची, बेणणी त्यांची, कापणींत त्यांचा वांटा, भात भरडून निवडून घरांत आणण्याचें काम त्यांचें. नांगर पुरुषाचा, आणि आतां त्या जागीं भाड्याचें यंत्र आलें आहे. मग कसणारा कोण? कायद्यानें ‘कसेल त्याची’ असें म्हटलें. तलाठ्याच्या दप्तरांत मात्र तो ‘त्याची’ अक्षरशः त्याचीच राहिली. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें, शेतीची वहिवाट ज्यांच्या नांवें आहे अशा देशांतील १०० खातेदारांत स्त्रिया केवळ १४ आहेत.

मराठींत ‘कूळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वंशाचा व एक दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा. आपली लेक आपण चांगलें कूळ पाहून देतों, असें म्हणतों. पुष्कळदां आपण तिला कूळ करूनच देतों. ती दुसऱ्याच्या मालकीच्या घरांत राहते, दुसऱ्याच्या नांवचें शेत राबते, आणि मर्जी असेल तोंवर नांदते. खोत व कूळ ह्यांच्यामध्यें जो व्यवहार होता, तोच एका छपराखालीं, एका ताटाच्या अंतरावर चालूं राहतो. फरक इतकाच कीं, चरीच्या कुळांनीं पंचवीस गांवें एकत्र करून संप केला. घरांतलें हें कूळ एकटें असतें, आणि त्याच्या कडेवर मूल असतें.

हें केवळ माझ्या कल्पनेचें रूपक आहे, असें आपणांस वाटेल. म्हणून एका अभ्यासाची माहिती देतें. प्रदीप पंडा व बीना अग्रवाल ह्या अभ्यासकांनीं केरळांतील तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत सुमारे ५०० विवाहित स्त्रियांची चौकशी करून तिचे निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध केले. ज्या स्त्रियांच्या नांवें घर नव्हतें आणि जमीनहि नव्हती, त्यांच्यापैकीं शेंकडा ४९ जणींनीं पतीचा मार खाल्ला होता. ज्यांच्या नांवें केवळ जमीन होती त्यांच्यांत हें प्रमाण १८, केवळ घर होतें त्यांच्यांत १०, आणि ज्यांच्या नांवें दोन्ही होतीं त्यांच्यांत अवघें ७ निघालें. घरची सांपत्तिक स्थिति, शिक्षण इत्यादि गोष्टी जमेस धरूनहि हा फरक टिकला. एकोणपन्नास कोठें आणि सात कोठें! कोणत्याहि उपदेशानें, कोणत्याहि शिक्षेच्या भीतीनें एवढा फरक पडल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. आणि लक्ष्यांत घ्या, त्या स्त्रियांनीं घरें सोडलीं नव्हतीं. त्या नांदतच होत्या. आपण जाऊं शकतों, एवढें दोघांसहि ठाऊक होतें. म्हणून जावें लागत नव्हतें.

कोणी म्हणेल, मालमत्तेचें कशाला? स्त्रिया आतां मिळवूं लागल्या आहेत. मिळकत हातीं आली कीं प्रश्न संपला. मिळकतीचें महत्त्व मी कमी करीत नाहीं. परंतु आमच्या किनाऱ्यावर स्त्री मिळवूं लागली ती आज नव्हे. कोळीण पिढ्यान् पिढ्या पहांटे बंदरावर लिलांवाला उभी राहते, पाटी डोक्यावर घेते, बाजारांत बसून रोकडा व्यवहार करते. तिच्या बटव्याचा धाक सर्वांस माहीत आहे, आणि तिच्या घरांत तिचा शब्द चालतो तो त्या बटव्यामुळेंच. तरीहि होडी कोणाच्या नांवें, कर्ज कोणाच्या नांवें, कोळीवाड्यांतलें घर कोणाच्या नांवें, असें विचारूं गेलें तर उत्तर बहुधा पुरुषाकडेच जातें. दिवसाची कमाई संध्याकाळीं हिसकून घेतां येते. घराची भिंत हिसकून घेतां येत नाहीं.

त्याहून खालची पायरी पाहावयाची तर वीटभट्टीवर जावें. आमच्या जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात. पावसाळ्यांतील उपासमारींत घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायकोची जोडी राबते. माती मळण्यापासून वीट थापण्यापर्यंत स्त्री बरोबरीनें कष्ट करते; हजारीं विटांमागें होणारा हिशेब मात्र पुरुषाशीं होतो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालींच झाला आहे. तरी ज्यांच्या झोंपडीखालची जमीनहि स्वतःची नाहीं, त्यांचें स्वातंत्र्य उचलीच्या वहींत गहाण पडतें. आणि त्या जोडींतली स्त्री तर दोघांची कूळ असते, मालकाचीहि व नवऱ्याचीहि. मालकाकडून झालेल्या अपमानाचा राग संध्याकाळीं कोणाच्या पाठीवर उतरतो, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. येथें गरिबीचा व मारहाणीचा संबंध नेमका दिसतो. गरिबी मनुष्यास क्रूर करते असें नव्हे. ज्याला साऱ्या जगानें दाबलें आहे त्याच्याहि हाताखालीं एक माणूस अगतिक ठेवण्याची सोय आपल्या व्यवस्थेनें केली आहे.

केरळच्या त्याच अभ्यासांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. कायम व नियमित नोकरी असलेल्या स्त्रीस कांहीं संरक्षण मिळतें. हंगामी, अनिश्चित मजुरीनें तसें मिळत नाहीं. आणि पतीहून पत्नीची नोकरी वरच्या दर्जाची असली, तर कांहीं घरांत त्रास वाढतोहि. म्हणून ‘शिकली, नोकरीला लागली, आतां चिंता मिटली’ असें म्हणून आईबापांनीं निश्चिंत होऊं नये.

आतां मी आपल्या घरांकडे वळतें. कारण हें भाषण वीटभट्टीवर ऐकलें जात नसून आपल्या दिवाणखान्यांत ऐकलें जात आहे. आमच्या किनाऱ्यावर गेल्या कांहीं वर्षांत जमिनीला सोन्याचा भाव आला. उरणच्या बाजूस बंदर आलें. त्याच बाजूस जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत जानेवारी १९८४ मध्यें पांच शेतकऱ्यांनीं प्राण दिले. त्या लढ्यांतून विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के हिस्सा प्रकल्पग्रस्तांस मिळूं लागला. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीपासून न्हाव्यापर्यंतचा सुमारे २२ किलोमीटरांचा सागरी पूल सुरू झाला आणि मुंबई अगदीं दाराशीं आली. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन इकडच्या वाड्या, भातशेतें, समुद्राकडच्या पडीक जागाहि शहरांतले लोक घेऊं लागले. पैसा येतो तो सातबाऱ्यावर ज्याचें नांव त्याच्या हातीं. ज्या जमिनीची काल कोणास किंमत नव्हती तिच्यांत बहिणीचा हिस्सा आहे, ही आठवण आज प्रथम होते. आणि आठवण होतांच तो हिस्सा सोडवून घेण्यासाठीं एक साडी आणि एक कागद तयार होतो. ज्या घडीला ही मिळकत मुलीला खरें बळ देऊं शकली असती, त्याच घडीला ती तिच्या हातून जाते.

कायदा ह्या बाबतींत आंधळा राहिलेला नाहीं. १९३७ सालीं मुंबईच्या डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नानें हिंदु विधवेस पतीच्या मिळकतींत मर्यादित हक्क मिळाला. हिंदु संहितेच्या विधेयकासाठीं डॉ. आंबेडकर झगडले, आणि त्याची हेळसांड हें १९५१ सालीं त्यांनीं दिलेल्या राजीनाम्याचें एक मोठें कारण झालें. १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलगी वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीची वारस झाली. १९९४ सालीं महाराष्ट्रानें, आणि २००५ सालीं साऱ्या देशानें, तिला वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार केलें. २००५ मध्यें वडील हयात नव्हते एवढ्यावरून तिचा हा हक्क नाकारतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें स्पष्ट केलें. मुसलमान कन्येचा हिस्सा तर शरियतेनें ठरवून दिलेला आहे. तो मुलाच्या निम्मा असला तरी निश्चित आहे. कायद्याच्या पुस्तकांत, म्हणजे, आमच्या बाईचा हिस्सा होताच. तो कायद्यानें काढून घेतला नाहीं. तो तिनें स्वतःच्या सहीनें दिला, आणि ती सही आपण सर्वांनीं मिळून तिच्याकडून करविली.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. बरोबर अशीच सही मीहि केली आहे. वडील वारल्यावर वर्षाच्या आंत भावानें कागद पुढें ठेविला आणि मीं तो न वाचतांच सही केली. ‘मला काय कमी आहे? भावाशीं का वाटण्या करायच्या?’ असें मीं मोठ्या अभिमानानें म्हटलें, आणि साऱ्या नातलगांनीं माझी तारीफ केली. माझा संसार सुखाचा झाला, म्हणून त्या सहीची किंमत मला कधीं मोजावी लागली नाहीं. परंतु तो दैवाचा भाग होता. त्या दुपारीं त्या बाकावर मला प्रथमच कळलें कीं, माझ्यासारख्या सुखवस्तु बहिणींनीं औदार्यानें केलेल्या सह्यांचीच रीत बनते. आणि मग जिला तो हिस्सा प्राणासारखा हवा असतो तिनें मागितला, तर ती भांडखोर ठरते.

ह्यावर दोन आक्षेप नेहमीं येतात. पहिला असा कीं, मुलीचा हिस्सा तिच्या लग्नांत दिलेला असतो. तो कोणास दिला, हें पाहावें. १९६१ च्या कायद्यानें हुंडा गुन्हा ठरला आहे. तरी मानपान, दागिने, गाडी, लग्नाचा थाट ह्यांवर बापानें जें खर्चिलें त्यांतलें मुलीच्या नांवें काय उरतें? सासरच्या घरीं गेलेली वस्तु तिला छप्पर देत नाहीं. उलट ‘आणखी आण’ म्हणण्यास तोंड फोडते. दुसरा आक्षेप भावाबहिणींच्या प्रेमाचा. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, असें म्हणतात. मी उलट विचारतें: जें माहेर पांचव्या दिवशीं परत पोंचवितें, तें जोडलेलें होतें कां? मला त्या भावाचा राग येत नाहीं. तो खरोखरच वाईट नसेल. परंतु बहिणीची एक खोली त्या घरांत तिच्या हक्काची असती, तर तिला परत पोंचविण्याचा प्रश्नच त्याच्यापुढें आला नसता, आणि तो वाईट ठरण्याच्या प्रसंगांतून वांचला असता. हक्क प्रेमाला मारीत नाहीं. प्रेमाची परीक्षा घेण्याची वेळ तो टाळतो.

मग करावें काय? फार मोठ्या गोष्टी मी सांगत नाहीं. ज्या घरांत वडील हयात आहेत त्यांनीं आपल्या मागें मुलीच्या हिश्शाचें काय होणार, तें आजच लिहून ठेवावें. बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवण्यापूर्वीं भावानें तें तिला वाचून दाखवावें, आठ दिवस तिच्याजवळ राहूं द्यावें, आणि रक्षाबंधन वा भाऊबीज हा त्याचा मुहूर्त करूं नये. नवें घर घेतांना पत्नीचें नांव कागदावर घालावें; स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत शेंकडा एकाची सवलत महाराष्ट्र सरकारनें २०२१ पासून ठेविली आहे, तिचा तरी लाभ घ्यावा. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें ‘लक्ष्मीमुक्ति’ ह्या नांवानें मोहीम काढली आणि कोणतीहि सक्ति नसतां शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नांवें करून दिला. अल्प शिकलेल्या शेतकऱ्यास जें जमलें तें आपणांस अवघड नसावें.

आणि जिच्यावर आज प्रसंग आलेला आहे तिनें इतकें जाणावें. २००५ चा कौटुंबिक अत्याचारांपासून संरक्षणाचा कायदा असें सांगतो कीं, ज्या घरांत ती नांदते तेथें राहण्याचा तिला अधिकार आहे, मग तें घर कोणाच्याहि नांवें असो. न्यायालय तिला घराबाहेर काढण्यास मनाई करूं शकतें. त्यासाठीं संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. आणि जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीस, तिची मिळकत कितीहि असो, वकील विनामूल्य मिळतो. हा अधिकार मालकीचा नव्हे, राहण्याचा आहे. तरी बुडत्यास तो आधार आहे.

त्या दुपारीं ती बाई आंतून परत आली तेव्हां तिच्या अंगठ्याला शाई लागलेली होती. भावानें रस्त्यापलीकडून चहा मागविला होता. तिनें पेला घेतला, माझ्याकडे पाहून ओळखीचें हंसली, आणि उजव्या हाताचा तो अंगठा साडीला लागूं नये म्हणून जपून धरला. मी तिला कागद वाचून दाखविला होता. त्याचा अर्थ मात्र समजावून सांगितला नव्हता. ‘बाई, आज सही करूं नका, घरीं जाऊन विचार करा,’ एवढें एक वाक्य माझ्या ओठांवर येऊन राहिलें. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टींत कां पडा, हा विचार आड आला.

तिचा प्रश्न मात्र अजून माझ्यापाशीं आहे, आणि तो आज मी आपणांकडे सोंपवितें. आपली बहीण, आपली लेक, आपली सून, ह्यांपैकीं प्रत्येकीनें उद्यां विचारलें कीं, ‘मी जाऊं कोठें?’ तर तिला दाखवावयास एखादें दार, जें कोणाच्या मर्जीनें उघडणार नाहीं, तिच्या नांवानें उघडेल, आपण ठेविलें आहे कां? नसेल, तर तिनें विचारण्याची वाट पाहूं नका. विचारावयाची वेळ येते तेव्हां बहुधा तिचा हात पदराखालीं असतो.